शाळेने ‘दाखला घेऊन जा’ सांगितलं तर काय करायचं

महाराष्ट्रात शाळा एखाद्या मुलाला काढून टाकते तेव्हा तसं कागदावर सहसा लिहीत नाही. पालकांना ऑफिसात बोलावलं जातं, तक्रारींचा पाढा वाचला जातो आणि कोरा कागद पुढे सरकतो. “तुम्हीच अर्ज लिहून द्या, म्हणजे मुलाच्या दाखल्यावर डाग राहणार नाही.” भेदरलेले पालक लिहून देतात. अर्ज हातात पडला की कागदोपत्री शाळेने काहीच केलेलं नसतं, मूल तुम्हीच स्वखुशीने काढलेलं असतं. पुढे शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलात तर तोच कागद तुमच्यापुढे ठेवला जातो.

खाली दिलेला क्रम या एका गोष्टीभोवती आहे. मूल शाळेत परत बसवायचं असो किंवा नीट दाखला घेऊन दुसरीकडे न्यायचं असो, दाखल्याचा अर्ज तुमच्या हातातलं एकमेव नाणं आहे. ते पहिल्याच दिवशी देऊन टाकू नका.

१. पहिला दिवस: सही करू नका, ऐकून घ्या

ऑफिसात आवाज चढवू नका. काय म्हणतात ते वहीत लिहून घ्या: तारीख, वेळ, कोण कोण हजर होतं, नेमका आरोप काय. शक्यतो दोघांनी जा. तीन प्रकारच्या कागदांवर तिथल्या तिथे सही मागितली जाते.

दाखल्याचा अर्ज: अजिबात नाही. “घरी विचार करून सांगतो” एवढंच म्हणा.

मुलाचा माफीनामा: मुलाला एकट्याला बसवून लिहून घेतला असेल तर त्याची प्रत मागा. मुलाने खरंच चूक केली असेल तर माफी मागायला हरकत नाही, उलट मागावीच. पण ती घडलेल्या गोष्टीपुरती असावी. “यापुढे काही घडल्यास शाळा देईल ती शिक्षा मान्य” हे वाक्य त्यात येऊ देऊ नका.

पालकांचं हमीपत्र: “पुन्हा तक्रार आल्यास मी स्वतः दाखला काढून घेईन” असा छापील मजकूर असतो. हे म्हणजे तारीख न घातलेला दाखल्याचा अर्जच. तुम्ही तुमच्या शब्दांत “मुलाच्या वागणुकीकडे लक्ष देऊ, समुपदेशनाला नेऊ” असं लिहून द्या, त्यापुढे एक ओळही नको.

आरोप मारामारीचा किंवा चोरीचा असेल आणि शाळेत सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी लेखी मागणी करा की त्या तारखेचं, त्या जागेचं चित्रण जपून ठेवावं. जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. दोन-तीन आठवड्यांनी मागितलं तर “आता ते राहिलेलं नाही” असं उत्तर येतं आणि बहुतेकदा ते खरंही असतं.

२. नेमकं काय केलंय ते ओळखा

“शाळेने काढलं” या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

काही दिवस घरी बसवणं: मुलाचं नाव पटावर असतं, वर्गात बसायला मनाई असते. इथे मोठा धोका हजेरीपत्रकाचा. तुमच्या मुलापुढे रोज गैरहजेरी लागत राहते आणि काही आठवड्यांनी ‘सतत गैरहजर’ म्हणून नाव कमी होतं. म्हणून मनाई किती दिवसांची, हे लेखी घ्याच. देत नसतील तर दर आठवड्याला शाळेला ईमेल करा: “मुलगा शाळेत यायला तयार आहे, आपण बसू देत नाही.”

पटावरून नाव कमी करणं: दाखला तयार करून ठेवलेला असतो किंवा थेट घरी पाठवला जातो.

पुढच्या वर्षी प्रवेश न देणं: एप्रिल-मेमध्ये निकालासोबत सांगितलं जातं. पहिली ते आठवीच्या मुलाच्या बाबतीत हेही काढून टाकणंच आहे. शाळेत एकदा घेतलेल्या मुलाला दर वर्षी नव्याने ‘प्रवेश’ घ्यावा लागत नाही.

फी थकल्याने अडवणं: हा शिस्तीचा विषयच नाही. फीचा वाद २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली वेगळा चालतो. त्यासाठी मुलाला वर्गाबाहेर उभं करणं हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मानसिक त्रास ठरतो.

३. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्यावर सगळं ठरतं

पहिली ते आठवी असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १६ सांगतं की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली, तेव्हापासून पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. काही शाळा ही दुरुस्ती पुढे करून “आता कायदा बदललाय” म्हणतात. बदलला तो त्याच वर्गात ठेवण्यापुरता. काढून टाकण्यावरची बंदी जशीच्या तशी आहे. नापास झालेलं मूलसुद्धा त्याच शाळेत राहतं.

मूल मागे पडल्यामुळे सातवी-आठवीत असतानाच चौदा वर्षांचं झालं तरी हे संरक्षण संपत नाही, असं अनेकांना माहीत नसतं. मोठ्या वयात शाळेत दाखल झालेल्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिकण्याचा हक्क कलम ४ ने दिला आहे.

एक मोठा अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही असं ठरवलं. आपल्याकडे अल्पसंख्याक दर्जा धर्मावर मिळतो तसा भाषेवरही मिळतो, म्हणजे गुजराती, सिंधी, हिंदी भाषकांच्या संस्थाही यात येतात. शाळेने “आम्ही अल्पसंख्याक” म्हटलं तर संस्थेचं दर्जा प्रमाणपत्र पाहायला मागा. नुसतं नावावरून गृहीत धरू नका.

नववी-दहावीला कलम १६ नाही. गंभीर गैरवर्तनाबद्दल शाळा कारवाई करू शकते. पण ती कशीही नाही: आरोप लेखी द्यावे लागतात, मुलाचं आणि पालकांचं म्हणणं ऐकावं लागतं, निर्णय कारणांसह द्यावा लागतो. यातली एकही पायरी गाळली असेल तर तक्रारीत नेमक्या त्याच पायरीवर बोट ठेवा. “आमचा मुलगा तसा नाही” यापेक्षा “आम्हाला नोटीस दिली नाही” हे वाक्य कितीतरी वजनदार असतं.

मुलाला अध्ययन अक्षमता, स्वमग्नता किंवा अतिचंचलतेचं निदान झालं असेल तर ते कागद सुरुवातीलाच जोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ इथे लागू पडू शकतो. वर्गात एका जागी न बसणारी, मध्येच ओरडणारी मुलं ‘बेशिस्त’ म्हणून काढली जातात आणि निदान मात्र पुढच्या शाळेत होतं. निदान झालं नसेल आणि शंका असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या बालरोग किंवा मानसोपचार विभागात आताच दाखवा.

४. कागद गोळा करा

एका फाईलमध्ये, तारखेच्या क्रमाने:

- प्रवेशाच्या वेळची पावती, सगळ्या फीच्या पावत्या
- मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, चालू वर्षाच्या चाचणीचे आणि प्रथम सत्राचे गुण
- शाळेच्या डायरीतले शेरे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप (स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसली पाहिजे)
- मुलाचं आधार कार्ड, जन्म दाखला, असल्यास जातीचा दाखला
- जनरल रजिस्टर (शाळेतली मुलांची कायमची नोंदवही) क्रमांक, सरल या राज्याच्या ऑनलाइन नोंदीतला विद्यार्थी क्रमांक, ११ अंकी पेन (PEN, कायम शिक्षण क्रमांक), असल्यास १२ अंकी अपार (APAAR) ओळख क्रमांक
- शाळेचा यू-डायस क्रमांक (देशपातळीवरच्या शाळानोंदीतला क्रमांक)
- बोनाफाईड दाखला

बोनाफाईड आधीच काढून ठेवा. वाद पेटल्यावर तो मिळायला वेळ लागतो आणि मूल त्या तारखेला त्या शाळेत शिकत होतं याचा तो सरळ पुरावा असतो.

५. शाळेला पत्र द्या, आणि पोच घ्या

तोंडी बोलण्याला किंमत नाही. तीन-चार दिवसांच्या आत मुख्याध्यापकांना पत्र द्या, प्रत संस्थेच्या सचिवांना. मजकूर साधारण असा:

“दि. ___ रोजी आपण मला तोंडी सांगितले की माझा मुलगा ___ (इयत्ता ___, ज. र. क्र. ___) याचा दाखला घेऊन जावा. मी दाखल्यासाठी कोणताही अर्ज केलेला नाही. त्याच्यावर काही आरोप असल्यास ते पुराव्यासह लेखी द्यावेत व आमचे म्हणणे मांडण्यासाठी तारीख द्यावी. निर्णय होईपर्यंत त्याला नियमित वर्गात बसू द्यावे. बसू देणार नसल्यास तसा लेखी आदेश द्यावा. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम १६ कडे आपले लक्ष वेधत आहे.”

नववी-दहावी असेल तर शेवटचं वाक्य काढा. पत्रात शाळेची उणीदुणी काढू नका, हेच पत्र पुढे प्रत्येक टेबलावर वाचलं जाणार आहे.

दोन प्रती न्या. लिपिकाने एक ठेवून घ्यायची, दुसरीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही द्यायची. “साहेब आले की सही देतो, उद्या या” म्हटलं तर वाद घालू नका. तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवरही टाका. घ्यायला नकार दिला तर पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येतं. ते फोडू नका, तसंच बंद फाईलला लावा.

६. शाळेने ऐकलं नाही तर कुठे जायचं

पायऱ्या ठरलेल्या आहेत. एकदम मंत्रालयाला पत्र लिहिलंत तरी ते फिरून खालीच येतं, मधले आठवडे फुकट जातात.

ग्रामीण भागात पहिली ते आठवीसाठी आधी पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). नववी-दहावीसाठी शिक्षणाधिकारी (माध्यमिक). महापालिका क्षेत्रात प्राथमिकसाठी महापालिकेचे शिक्षणाधिकारी. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी विभागवार शिक्षण निरीक्षक असतात. त्यांच्यावर विभागीय शिक्षण उपसंचालक.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ मध्ये तक्रारीची स्वतंत्र वाट आहे: स्थानिक प्राधिकरणाकडे (जिल्हा परिषद, महापालिका वगैरे) लेखी तक्रार, दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय, त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रारीच्या शीर्षकात ‘कलम ३२ अन्वये तक्रार’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती साधा अर्ज म्हणून ढिगात जाते. महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाचं कार्यालय मुंबईत आहे. मुलाला मारहाण, डांबून ठेवणं किंवा लैंगिक त्रास झाला असेल तर पायऱ्या चढत बसू नका. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलिसांत जा.

शाळा अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात शाळेकडेच अर्ज करता येतो. विनाअनुदानित असेल तर शिक्षणाधिकारी कार्यालयात करा. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, उत्तर ३० दिवसांत. “माझ्या मुलाला का काढलं?” असा प्रश्न विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कागद मागा: मुलाच्या नावे झालेल्या चौकशीचे कागद, त्या महिन्याच्या हजेरीपत्रकाची प्रत, दाखला दिला असल्यास ज्या अर्जावरून दिला त्या अर्जाची प्रत. तिसरी मागणी सर्वांत उपयोगी. अर्ज तुम्ही केलेला नसेल तर तो त्यांना दाखवता येणार नाही.

उच्च न्यायालयात रिट याचिका हा शेवटचा मार्ग. खर्चाला घाबरून तो सोडून देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००.

७. परत बसवायचं की दुसरी शाळा?

हक्क आहे म्हणून प्रत्येक वेळी त्याच शाळेत परतणं शहाणपणाचं नसतं. मुलाला स्वतंत्रपणे, शांतपणे विचारा. तिथे मित्र असतील, एखाद-दुसऱ्या शिक्षकाचा आधार असेल, गाव लहान असून दुसरी शाळा लांब असेल तर लढणं योग्य. शाळेचं नाव काढताच मुलाची झोप उडत असेल तर तक्रार चालू ठेवा, पण मुलाला बाहेर काढा.

दुसरी शाळा ठरली असेल तर आधी तिथे जागा पक्की करा, मगच जुन्या शाळेत दाखल्याचा अर्ज द्या. उलट क्रमाने गेलात तर मूल दोन्हीकडून लटकतं. ऑगस्टनंतर चांगल्या शाळांत जागा कमी असतात हे खरं, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सत्र सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळा हा नियम पाळतात. त्यांना कमी लेखू नका.

८. दाखला हातात घेताना प्रत्येक रकाना वाचा

इथली घाई पुढे वर्षानुवर्षं नडते. शाळा सोडल्याच्या दाखल्यात नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता व कधीपासून, सोडण्याचं कारण आणि शेरा असे रकाने असतात. काउंटरवर उभं राहूनच वाचा.

‘वर्तणूक’ रकान्यात ‘चांगली’ किंवा ‘समाधानकारक’ असतं. तिथे ‘असमाधानकारक’ किंवा शेऱ्यात आरोप लिहिला असेल तर दाखला घेण्याआधीच लेखी हरकत द्या: चौकशी झालेली नसताना हा शेरा कशाच्या आधारावर? शेरा हटवायला तयार नसतील तर दाखला ‘हरकतीसह स्वीकारला’ असं लिहून घ्या आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुरुस्तीची मागणी करा. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं असेल तर त्याचा उल्लेख दाखल्यावर येऊच देऊ नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने अशा मुलाची ओळख उघड करण्यावर बंदी घातली आहे.

‘कारण’ रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असेल आणि तुमची तक्रार चालू असेल तर ते मान्य करू नका. तक्रार करायची नसेल, फक्त सुटका हवी असेल, तर मात्र हाच शब्द मुलाच्या सोयीचा आहे.

जन्मतारखेतली, नावातली चूक दिसली तर जनरल रजिस्टर काढून पाहायला सांगा. दाखला रजिस्टरवरून उतरवलेला असतो. खाडाखोड करून दिलेला दाखला घेऊ नका, नवा मागा. स्वतः पेनने काही सुधारलंत तर तो गुन्हा ठरू शकतो.

फी बाकी म्हणून दाखला अडवला तर? पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, उशीर केला तर ते शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. या कलमातला शाळा बदलण्याचा हक्क मात्र सरकारी आणि अनुदानित शाळेत जाण्यासाठी आहे, खासगी विनाअनुदानित शाळेत जाण्यासाठी नाही.

९. ऑनलाइन नोंद हलली का, ते पाहा

कागदी दाखला मिळाला म्हणजे काम झालं, असं आता राहिलं नाही. सरल प्रणालीत नवी शाळा ट्रान्सफर रिक्वेस्ट पाठवते, जुन्या शाळेने ती मंजूर करायची असते. यू-डायस प्लसमध्ये जुनी शाळा नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकते, तिथून नवी शाळा उचलते. रागावलेली शाळा कागद देते आणि इथे अडवून ठेवते. मूल वर्गात बसतं, पण शिष्यवृत्तीच्या अर्जात किंवा बोर्डाच्या फॉर्ममध्ये सापडत नाही. प्रवेशानंतर पंधरा दिवसांनी नव्या शाळेच्या लिपिकाकडे जाऊन “सरलला नाव दिसतंय का?” एवढं विचारा. अडलं असेल तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला विद्यार्थी क्रमांक आणि दोन्ही शाळांचे यू-डायस क्रमांक घालून पत्र द्या. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी नोंद अडकते.

परराज्यातून दाखला आणला असेल तर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आहे ना, तपासा.

१०. नववी-दहावी मध्येच सुटली तर

सीबीएसई शाळांत विद्यार्थ्यांची नोंदणी नववीतच बोर्डाकडे होते आणि दहावीला शाळा बदलायला बोर्डाची परवानगी लागते. म्हणून दहावीच्या मध्यावर काढण्याची भाषा आली तर शक्यतो परीक्षा तिथूनच द्यायचा आग्रह धरा: मूल वर्गात येणार नाही, पण फॉर्म आणि प्रवेशपत्र त्याच शाळेतून. अनेक शाळा यावर राजी होतात. राज्य मंडळात बहुतेक विषयांचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यांची नोंद सोडण्याआधी मागून घ्या.

शाळा सुटलीच तर दोन वाटा आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देता येते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो, दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत व प्रतिज्ञापत्र. अर्ज पावसाळ्यात सुटतात आणि मुदत गेली की वर्ष जातं, म्हणून जूनपासूनच मंडळाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. वय आणि शाळा सोडल्याच्या वर्षाच्या अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचा.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. दहावीसाठी किमान १४ वर्षं वय, किमान पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते, सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते. एक विषय आता, दोन पुढच्या वेळी असं चालतं. मन विस्कटलेल्या मुलाला हे झेपतं. फॉर्म भरून देणारे क्लासवाले “सगळं आम्ही बघतो, पास नक्की” म्हणतात, त्यांना पैसे देऊ नका. नोंदणी तुम्ही स्वतः ऑनलाइन करू शकता आणि लॉगिन तुमच्याच मोबाइल नंबरवर राहिलं पाहिजे.

११. मधले दिवस

कागदपत्रांच्या धावपळीत मूल दिवसभर घरात एकटं बसून असतं. शाळेच्या वेळेला उठणं, दप्तर उघडणं चालू ठेवा. वर्गातल्या एखाद्या मित्राच्या वह्यांचे फोटो दर दोन-तीन दिवसांनी मागवा, नंतर एकदम मागितले की मिळत नाहीत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मुलासमोर शाळेशी फोनवर भांडू नका आणि नातेवाइकांना काय सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा.

नव्या शाळेत वर्गशिक्षकांना पहिल्या आठवड्यात भेटा. काय घडलं ते दोन वाक्यांत, आडपडदा न ठेवता सांगा. ते त्यांच्या कानावर कुठून तरी येणारच असतं. मुलाला कशाने राग येतो आणि तो कशाने शांत होतो, हेही सांगा. पहिल्या रांगेत बसवा, शेवटच्या बाकावर नको, एवढी विनंती करा आणि महिन्याने पुन्हा भेटायची तारीख घेऊन या.